अर्ध्या दिवसाची सावड

पिंपळगाव राजा हे माझ्या आईचं माहेर. त्यामुळे त्या गावातला आईच्या वयाचा झाडून सगळा पुरुषवर्ग माझा मामा. किराणा दुकानवाला मामा, पोस्टमन मामा, आणि ज्याच्याशी आमच्या आजोळचं बोलणं बंद होतं तोही मामाच. या मामांच्या गर्दीत इंद्रभानमामा मला लहानपणापासून वेगळा आठवतो, कारण त्याच्याकडे एकच बैल होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अमडापूरहून आजोळी जायचो. तिथे इतरांच्या गोठ्यात बैलजोडी आणि याच्या गोठ्यात एकटा बांड्या. अंगाने काटकुळा, शेपटीचं टोक पांढरं, चालताना मान खाली. एका बैलाने शेती कशी करतात, असं मी विचारलं तर इंद्रभानमामा म्हणाला, "एकट्यानं नाई होत पोरी. म्हनून तं उकंडा हाय."

उकंडराव त्याचा वावरशेजारी. त्याच्याकडेही एकच बैल, पण तो एक दोघांच्या बरोबरीचा होता. पांढराशुभ्र, डौलदार, नाव पहेलवान. दोघे मिळून सावड करायचे. सावड म्हणजे एकेक बैलवाल्या दोघांनी आपापले बैल एका जुवाला जुंपायचे. आज याचं वावर वखरायचं, उद्या त्याचं. पहेलवान आणि बांड्या शेजारी उभे राहिले की गाव हसायचं. "उकंडा, तुह्या बैलाबरोबर बकरी काऊन जुपली बे?" असं कोणीतरी रस्त्याने जाता जाता विचारायचंच. उकंडराव मान वर न करता म्हणायचा, "बकरी दूध तरी देते. तू काय देतं?"

सुरुवातीच्या वर्षांत उकंडरावच्या घरून वावरात येणारा पाण्याचा गडू इंद्रभानमामासाठी वेगळा असायचा. आमची वस्ती गावाच्या कडेला, विहारामागे. असले वेगळे गडू आम्हाला नवे नव्हते. जू एक आणि गडू दोन. एका उन्हाळ्यात उकंडरावने तो दुसरा गडू विहिरीत टाकला आणि घरी सांगितलं, हातून पडला. त्याच्या बापाने नवा आणला. तोही पडला. तिसरा आणायला कोणी गेलं नाही. ही गोष्ट मला आईने सांगितली, इंद्रभानमामाने कधीच नाही.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. पहेलवान म्हातारा होऊन गेला, त्याच्या मागोमाग बांड्याही गेला. सावड मोडली, पण या दोघांना ते कोणी सांगितलं नसावं. कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप दोघांत एक, सायकल दोघांत एक, पेपर दोघांत एक. पेपरचं मधलं पान आधी कोणी वाचायचं यावरून मात्र कडाक्याची भांडणं.

मी फिजिओथेरपी शिकले आणि पीएचडीसाठी पुण्याला गेले. विषय घेतला कंपवाताचा. या आजारात हातपाय थरथरतात, अंग ताठरतं, आणि कित्येकांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटल्यासारखे जागीच अडकतात. अशा माणसाच्या अंगाला ठरावीक तालाची बारीक कंपनं दिली तर चाल सुधारते का, हे मला तपासायचं होतं. शंभरावर वर्षांपूर्वी एका फ्रेंच डॉक्टरला आढळलं होतं की घोडागाडीतून हिंदकळत आलेल्या त्याच्या रोग्यांना प्रवासानंतर बरं वाटतं. म्हणून त्याने चक्क एक हलणारी खुर्ची करून घेतली होती. तिथून हा विचार निघाला. माझ्या वडिलांनी हे ऐकून विचारलं, "म्हंजे जो आधीच थरथरते त्याले तू अजून हालवशीन?" विषय सांगितल्यावर सगळे हेच विचारायचे. मी दर वेळी चिडायचे. माझा राग नाकावरच असतो, घरात सगळ्यांना माहीत आहे.

अभ्यासासाठी मी आपलाच जिल्हा निवडला. इकडे मेंदूचा डॉक्टर गाठायचा तर लोक अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला जातात, आणि बरेचसे जातच नाहीत. म्हातारपण म्हणतात आणि ओसरीत बसून राहतात. माझे मार्गदर्शक शंतनु सर म्हणाले, "तिकडे शिस्त पाळतील का लोक?" मला ते लागलं. मी म्हटलं, "माझी माणसं मले माहीत आहेत." बोलताना घाईत ‘मले’ निघून गेलं आणि सर हसले. तेही लागलं.

पिंपळगावला गेले तर ओसरीत बसून राहिलेल्यांत इंद्रभानमामा होता. मी त्याला खूप वर्षांनी पाहत होते. चेहरा जसा काही पुसून टाकलेला, हसू नाही की राग नाही, आवाज बारीक झालेला. मी वही-पेन काढून रीतसर सुरुवात केली, "तुम्हाला त्रास कधीपासून होतो?"

"मले तुमी काऊन म्हनून राह्यली?" तो म्हणाला. "माही भाची हायेस का बँकेतली बाई?"

मग तूवर आले. त्याचा उजवा हात थरथरायचा, पण खरी अडचण पायांची होती. उंबऱ्याशी आला की पाय चिकटायचे. अर्धा अर्धा तास उभा. सिंधूमामी मागून ढकलायची नाही, रागावायची नाही, नुसती बाजूला पीठ मळत बसून राहायची. मी प्रत्येकाला विचारायचे ते त्यालाही विचारलं, "या उपचारातून तुला काय जमायला हवं आहे?" लोक सांगायचे, चहा न सांडता प्यायचा आहे, सदऱ्याची बटणं लावायची आहेत. तो म्हणाला, "मले उकंडाच्या घरापर्यंत जाता आलं पाह्यजे."

उकंडरावचं घर वरच्या आळीला. धडधाकट माणूस बोलता बोलता पोचेल. पण दोघांची भेट होऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. कारण उकंडरावलाही हाच आजार होता. त्याचे पाय बरे होते, हात फार थरथरायचे. एका लग्नात पंगतीत वरण त्याच्या सदऱ्यावर सांडलं, कोणीतरी पोर हसलं, तेव्हापासून तो घराबाहेर निघालेला नव्हता. एकाला निघता येत नव्हतं, दुसऱ्याला निघायचं नव्हतं. एकाच पंपाने फवारलेल्या औषधाचा याच्याशी काही संबंध असेल का, हा विचार माझ्याही मनात आला. पण कारण शोधणं माझा विषय नव्हता.

मी दोघांनाही अभ्यासात घेतलं.

माझं यंत्र म्हणजे छातीच्या हाडावर पट्ट्याने बांधायची एक छोटी चकती. गोळ्या नेहमीच्या चालूच ठेवायच्या आणि वरून ही चकती दिवसभर बांधायची. चकत्या दोन प्रकारच्या होत्या. एक जोरात घुमायची, दुसरी हळू. त्यातली एकच आम्ही ठरवलेल्या तालाची होती. दुसरी तुलनेसाठी, नुसतीच गुणगुणणारी. खरी कोणती आणि कोणाला कोणती मिळाली, हे पुण्यातल्या संगणकाला ठाऊक. मलाही कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर माझ्याच मनाचा कौल मोजमापात उतरला असता. मी सगळ्यांना बजावलं होतं, आपल्या चकतीबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. पिंपळगावात हे सांगताना माझं मलाच हसू यायला हवं होतं.

इंद्रभानमामाला जोरात घुमणारी मिळाली. त्याने लगेच तिचं नाव ठेवलं भुंगा.

पुढच्या फेरीला गेले तर सिंधूमामी दारातच म्हणाली, "तुहा मामा घरी नाई." मी घाबरलेच. "उकंडरावकडं गेला. उंबऱ्यात थांबला, छातीवर हात ठेवला, अन् भुंग्याच्या ठेक्यात पाय उचलला. मी पाहूनच राह्यली." हे सांगताना मामी पदराने डोळे पुसत होती आणि वर म्हणत होती, पिठाचा हात लागला.

त्यानंतर दर फेरीला इंद्रभानमामाची चाल सुधारत गेली. उकंडरावचे हातही हळूहळू स्थिरावले, तो घराबाहेर निघू लागला. माझ्या सगळ्या रोग्यांत या दोघांची प्रगती डोळ्यांत भरणारी होती. मी पुण्याला फोन करून सांगितलं, सर, माझ्या मामाकडे या एकदा बघायला. मला फार अभिमान वाटत होता. प्रबंधाचं ते पान मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं.

मग एके दिवशी मी न कळवता गेले. खामगावहून येणारी दुपारची बस थांबते तिथे कडुलिंबाखाली एक ओटा आहे. बसमधून उतरले आणि समोर पाहिलं तर ओट्यावर माझे दोन्ही मामा सदऱ्याची बटणं सोडून उघड्या छातीने बसलेले. इंद्रभानमामा आपली चकती काढून उकंडरावच्या छातीवर बांधत होता. पट्ट्याचं बक्कल थरथरत्या बोटांना सापडत नव्हतं आणि उकंडराव म्हणत होता, "हळू बे, बैल हाय काय मी?" उकंडरावची चकती इंद्रभानमामाच्या मांडीवर वाट पाहत पडलेली.

माझं डोकंच फिरलं. "मामा, हे काय चालवलंय?"

"सावड," इंद्रभानमामा शांतपणे म्हणाला. "बस येईपर्यंत भुंगा माह्याकडं, बस आल्यावर त्याच्याकडं. अर्धा अर्धा दिवस."

"मी सांगितलं होतं ना, आपली चकती दुसऱ्याला द्यायची नाही!"

"तू म्हनली होती बोलाचं नाई. आमी बोललो नाई. नुसती बदलली."

उकंडराव खाली बघत म्हणाला, "म्या सांगलं होतं याले, पोरीचं शिक्षन हाय, खेळ नोको करू. आयकते कुठं हा."

"तू गप," इंद्रभानमामा त्याला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. त्याचा तो बारीक आवाज ऐकायला मला वाकावं लागलं. "मंजू, तुले बांड्या आठोते? हलका होता. सगळं गाव हासे. हा काय करे, जुवाची दोरी थोडी पहेलवानाकडं सरकवून बांधे. म्हंजे वझं पहेलवानावर पडे, बांड्यावर कमी. याले वाटे मले दिसत नाई. मले रोज दिसे. मी काई बोललो नाई, हाही नाई बोलला. आता मले पहेलवान भेटला अन् याच्या नशिबी बांड्या आला. याची चकती हातात घेऊन पाह्य, घुमते का रडते समजत नाई. मंग मी एकटाच पहेलवान घेऊन मिरवू काय?"

उकंडराव छातीवरचा अर्धवट बांधलेला पट्टा चाचपत राहिला. दोरीचं कळलेलं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. त्याचा हात थरथरत होता, आणि तो आजाराने थरथरत होता की कशाने, हे सांगायला मी तज्ज्ञ असूनही असमर्थ होते.

मी चहा न घेता निघाले. खामगावच्या बसमध्ये खिडकीशी बसून रागाने रडले. दोघांची सगळी मोजमापं वाया गेली होती. सर म्हणणार, बघ, मी म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर राग आला होता तितकंच ते दोघं ओट्यावर सुंदर दिसत होते, याचाही राग आला होता.

सर तसं काही म्हणाले नाहीत. दोघांनाही अभ्यासातून वगळ आणि चकत्या परत घे, चिखलीकडचे रोगी वाट बघताहेत, एवढंच म्हणाले. नियम तोच होता. मी परत पिंपळगावला गेले.

इंद्रभानमामाने स्वतःच चकती काढली, दुपट्ट्याने नीट पुसली आणि माझ्या हातात दिली. "तुही डिगरी बुडाली काय मंजू?"

"बुडाली नाही, पण तुम्ही दोघांनी जोर बराच लावला होता."

तो हसला नाही. त्याला हसताच येत नसे फारसं. म्हणाला, "आता हे कोनाले देशीन?"

"चिखलीकडच्या एका माणसाला."

"त्याले सांग, भुंगा चांगला हाय. पयले दोन दिवस गुदगुल्या होतेत, भेवाचं नाई."

मी चकत्या पिशवीत घालून परतले. आता हा पुन्हा उंबऱ्यात अडकणार आणि वरच्या आळीची वाट बंद होणार, अशी माझी खात्री होती. महिनाभराने मामीला फोन केला तर ती म्हणाली, "अडकते ना. अडकते, उभा राह्यते, मंग म्हनते बस येऊन राह्यली, उकंडा ओट्यावर येऊन बसला असंन. अन् सुटते." हातात द्यायला-घ्यायला काही नव्हतं, तरी बसच्या वेळेला दोघं ओट्यावर येत होते. हे कशामुळे, ते माझ्या प्रबंधात बसवायची सोय नव्हती. मी ते कोणाला सांगितलंही नाही.

माझी मौखिक परीक्षा झाली तेव्हा एका परीक्षकांनी विचारलं, हे दोन रोगी का वगळले? मी सांगितलं, त्यांनी यंत्रं वाटून घेतली. ते म्हणाले, कुटुंबातले होते का? मी म्हटलं, नाही, सावडीतले होते. मग पुण्याच्या त्या गार खोलीत मी जू, दोरी, पहेलवान आणि बांड्या सगळं समजावून सांगितलं, आणि बोलताना ‘मले’ आलं ते आवरलं नाही. डिग्री मिळाली. यंत्राने फरक पडत होता, पण बेताचा. त्यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं, असं मी शेवटी लिहिलं आणि तेच खरं आहे.

पण त्याआधीच, थंडीत, उकंडराव गेला. छातीत कफ साचला आणि दोन दिवसांत आटोपलं. इंद्रभानमामा स्मशानापर्यंत चालत गेला, कुठेही न अडकता. घरी परतला आणि त्यानंतर उंबऱ्याशी आलाच नाही. मामी म्हणायची, आता पाय चिकटतही नाहीत, कारण तो उचलतच नाही.

अभ्यास संपल्यावर ज्यांना हवी त्यांना खरी चकती द्यायची, असं सुरुवातीलाच ठरलेलं होतं. मामाला नियमाने वगळलेलं, पण सरांनी स्वतःहून एक माझ्या हातात ठेवली. ती घेऊन मी गेले. मामा ओसरीत बसला होता, चेहरा तसाच पुसलेला. मी चकती त्याच्या छातीवर बांधली. त्याने थोडा वेळ कान दिला.

"हा भुंगा नोहे. हे तं उकंडाचं रडतं यंत्र हाय."

"मामा, तेच खरं होतं," मी म्हटलं. "संगणकाने आता सांगितलं. भुंगा नुसताच घुमत होता. ताल या हळू चकतीचा होता."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याच्या त्या ताठरलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, गालाजवळ, डोळ्यांजवळ. खूप दिवसांनी मी त्याला हसताना पाहत होते.

"म्हंजे बांड्याच खरा होता!" तो म्हणाला. "सगळं गाव हासलं त्याले. अन् बांड्याच खरा निंगला!" आणि तो खुर्चीचे हात धरून उठला. "उकंडाले सांगाले पाह्यजे हे."

मामी कणकेचा हात घेऊन दारात आली. मी काही बोलणार तेवढ्यात तिने मानेनेच नको म्हटलं. मामा उंबऱ्याशी आला, थांबला. छातीवर हात ठेवला. आणि उचलला पाय.

मी मागे मागे गेले. वाटेत दोनदा अडकला, दोनदा सुटला. ओट्यावर आपल्या जागेवर बसला, शेजारची जागा मोकळी ठेवून. मग तिकडे वाकून, माझ्यापर्यंत नीटसं पोचणार नाही अशा आवाजात, काहीतरी सांगितलं. मला फक्त शेवटचं ‘बे’ ऐकू आलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

खामगावची बस आली, धूळ उडवून थांबली, माणसं उतरली. इंद्रभानमामाने सदऱ्याची बटणं सोडायला घेतली. बोटं चुकत होती, पण मला हात लावू दिला नाही. चकती काढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"मामा, आता दिवसभर तुझीच आहे ती," मी म्हटलं. "दिवसभर बांधायची."

"हाव," तो म्हणाला. "पन हा वखत त्याचा हाय."

चकती दगडावर बारीक गुणगुणत होती. मी ती बंद केली नाही. आम्ही दोघं तिच्या बाजूला बसून राहिलो.